किझायाचं रविवारचं पत्र

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावात, टेकडीवरच्या शेवटच्या घरात किझाया स्टोरने सव्वीस वर्षं चूल सांभाळली. मालकीण मिस ऑगस्टा फेनविक एकट्या राहायच्या, कविता करायच्या, आणि इटलीत राहणाऱ्या एका इंग्रज कवीला पत्रं लिहायच्या. किती लिहायच्या म्हणाल, तर टपालपेटीच्या चढावर किझायाचे तीन जोड बूट झिजले. धक्क्यावर मासळी साफ करणाऱ्या बाया तिला अडवून विचारायच्या, "काय गं, तुझ्या बाईंचं लग्न टपालातच लागलं की काय?"

"तुमची समोरासमोर लागली ना? मग रोज कशाला रडता?" असं म्हणून किझाया चालू पडायची.

जीभ अशी तिखट, पण वाचायचं म्हटलं की गाडं अडायचं. बायबलाचं छापील अक्षर तिला लागायचं, हाताने लिहिलेलं अजिबात नाही. एरवी त्याने काही बिघडलं नसतं. पण तिला आयुष्यात एकच पत्र आलं, आणि ते हातानेच लिहिलेलं होतं.

ते तिच्या टोबायसचं. नवऱ्यामागे तिने वाढवलेला एकुलता एक पोरगा एकोणिसाव्या वर्षी जहाजावर गेला आणि दक्षिण अमेरिकेतल्या वालपरायसो बंदरात तापाने गेला. आधी खबर आली, मग तीन आठवड्यांनी पत्र आलं. यापेक्षा वाईट क्रम देवालाही सुचला नसता. मिस ऑगस्टांनी ते पत्र काळ्या काठाच्या पाकिटात घातलं. घरात दुखवटा असला की आमच्याकडे असलीच पाकिटं वापरतात.

"स्वयंपाकघरात ओल असते, किझाया," त्या म्हणाल्या. "माझ्या खणात राहू दे. दर रविवारी मी वाचून दाखवीन."

आणि त्यांनी शब्द पाळला. चौदा वर्षं दर रविवारी चर्चमधून आल्यावर बाई खुर्चीत आणि किझाया स्टुलावर बसायची. 'आई, इथली संत्री इतकी गोड आहेत की सालसुद्धा खावी. फळं वाटेत सडतील म्हणून तुला बिया आणतो.' बियांपाशी बाई दर वेळी थांबून चष्मा पुसायच्या. मग दोघी चहा प्यायच्या आणि पावाबरोबर खारवलेली मासळी खायच्या.

यंदा मार्चमध्ये बाईंची छाती भरली. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी किझायाचं मनगट धरलं. "खणातली पत्रं जाळ. सगळी. कुणी वाचायची नाहीत. तुझं तेवढं काढून घे."

कविता लिहिणाऱ्या माणसांच्या मागे त्यांची पत्रं मासिकवाल्यांच्या हाती लागू नयेत, म्हणून अशीच जाळतात. त्यासाठी लंडनहून बाईंचा पुतण्या आला. हातात घड्याळ धरून तो शेकोटीपाशी उभा राहिला.

"आटप, किझाया. आणि काही काढून ठेवायचं नाही हं. कागद म्हणजे कागद."

"एक माझं आहे, साहेब."

"मोलकरणीचं पत्र काकूंच्या खणात? उगाच काहीतरी सांगू नकोस."

धुराने खोकत तो खिडकीकडे वळला. तेवढ्यात किझायाने खणात हात घातला, काळा काठ दिसताच पाकीट ओढलं आणि एप्रनमध्ये कोंबलं. बाकीचं सगळं तिने स्वतः, मूठमूठ करून, आगीत घातलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराचं असेल, असं पुतण्याला वाटलं.

पाकीट तिने आठवडाभर उघडलं नाही. ते रविवारीच उघडायचं असतं. रविवारी ती शाळेच्या मिस टॅन्सलींकडे गेली आणि स्टूल ओढून बसली.

"तेवढं वाचून दाखवता, मास्तरीणबाई? संत्र्यांपासून."

मिस टॅन्सलींनी घडी उलगडली. "पाकिटावर तिकीट नाही, म्हणून तुम्ही फसलात. पुस्तकात घालून पाठवलेलं दिसतंय. किझायाबाई, हे तुमच्या मुलाचं नाही. इटलीहून आलंय, त्या कवीचं. त्याची बायको गेल्यावर काही महिन्यांनी लिहिलेलं."

काळा काठ. टोबायस गेला त्याच हिवाळ्यात त्या कवीच्या घरीही दुखवटा होता.

"म्हणजे माझं मी जाळलं," किझाया म्हणाली. "माझ्या हाताने जाळलं हो मी त्याला."

मास्तरीणबाई उठून तिच्याजवळ आल्या. पत्र पुन्हा मिटता मिटता त्या थबकल्या. "यात तुमचं नाव आहे."

कुणी वाचायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. किझायाने मांडीवरचे हात चोळले. मग म्हणाली, "तेवढंच वाचा."

"'मी आता मोकळा आहे. या म्हणून विनवतो, तर तुम्ही लिहिता, मी आले तर रविवारी किझायाला तिच्या मुलाचं पत्र कोण वाचून दाखवील? ऑगस्टा, एका रविवारच्या तासासाठी तुम्ही मला उरलेलं सगळं आयुष्य नाकारता. पुन्हा विचारणार नाही. पत्रं मात्र लिहीत जा.'"

किझायाने पत्र मागून घेतलं, काठावरून बोट फिरवलं आणि शेगडीचं दार उघडून आत सरकवलं. बाईंनी सांगितलेलं काम अपुरं राहिलं होतं, ते पुरं झालं. ती तिथेच जमिनीवर बसली.

"मला पाठ होतं हो ते," ती म्हणाली. "पहिल्याच हिवाळ्यात झालं होतं, अक्षरन् अक्षर. बाईंना तेवढाच विरंगुळा, वाचायला बरं वाटतं त्यांना, म्हणून मी गप्प बसायची."

मिस टॅन्सली तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण किझाया त्यांच्याशी बोलतच नव्हती.

"एकदा विचारायचंत ना, बाई. जा म्हटलं असतं मी."