बाळाच्या उशाचा कोयता

ओवा-शेपाची धुरी नाकात गेली की मला ऊसतोडीवरची आमची पाचटाची कोपी, ती झोपडी, आठवते. माझं पहिलं पोर तिथंच झालं. सासूनं माझा कोयता त्याच्या उशाला ठेवला आणि म्हणाली, "पाचवी पुजेस्तोवर ह्यो हलवायचा न्हाई, न्हाईतर पोराला बाधा व्हती." तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम दारात आला. "मानसं कमी हायेत, बाईला पाठवा." सासूनं मान खाली घातली आणि कोयता काढून माझ्या हातात दिला. फडात दिवसभर दूध पाझरून चोळी भिजत होती. सांजेला परतले, तर सासू पोराला मांडीवर घेऊन बसली होती आणि पोर गार पडलं होतं. परवा पाथर्डीच्या दवाखान्यातून लेकीचं बाळ घरी आणलं. मी उशाला कोयता ठेवला, तर लेक म्हणाली, "आई, आता कुठं असलं पाळतंय कुणी?" मी दाराशी जाऊन बसले, लेकीला कुणी न्यायला येऊ नये म्हणून.