उघडलेली पेटी
ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगायची टाळली. ओल्या लाकडाचा वास आला की स्टुटगार्टजवळची ती बाग आठवते. झाडावरच्या लाकडी पेटीत निळ्या पक्ष्याची पिल्लं होती. एका जर्मन गृहस्थांनी माझ्या नातीच्या शाळेतल्या मुलांसमोर त्या पिल्लांच्या पायांत ओळखीसाठी नंबराच्या कड्या घातल्या आणि बजावलं, “आता पेटी उघडू नका. घाबरली तर उडता येण्याआधीच बाहेर पडतील.” पुण्याला फोटो पाठवायला म्हणून मी झाकण उघडलंच. नात शेजारीच होती. पिल्लं गवतात पडली, मांजरानं नेली. पेटी तू उघडलीस का, असं गृहस्थांनी नातीला विचारलं. “नाइन, इश् निश्ट!” नाही, मी नाही, असं म्हणत ती माझ्याकडे बघत राहिली. मी मोडक्या जर्मनमध्ये म्हणालो, “लहान आहे, चुकून झालं असेल.” ती परत कधीच त्या मुलांत गेली नाही. परवा फोनवर मी त्या बागेचा विषय काढला, तेव्हा तिनं विचारलं, “आबा, काही सांगायचंय का?” मी म्हणालो, “काही नाही गं. जेवलीस का?”