मंदारचा नवा-जुना सिंथ

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आमच्या बँडमध्ये आम्ही तिघंच. मंदार कीबोर्डवर, त्याची बायको केतकी गायला आणि तबल्यावर मी. तालीम शनिवारी दोन तास, त्यातला दीड तास गप्पांत! त्यामुळे गाणी जेमतेम सहा बसलीत आणि किस्से मात्र साठतच चाललेत. यंदाचे तर सगळे एकाच वस्तूवरून. एका जुन्या, नावाजलेल्या अ‍ॅनलॉग सिंथेसायझरची स्वस्तातली डिजिटल नक्कल निघाली होती. मंदारने ती घ्यावी की नाही?

*

मंदार पडला सॉफ्टवेअरवाला. त्याने एक्सेल शीट केली. त्यात ‘आवाजातली ऊब’ असाही एक कॉलम होता, तो अख्खा रिकामा!

केतकी म्हणाली, "मला बघायला आलास तेव्हा पंधरा मिनिटांत हो म्हणालास की!"

मंदार स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "तेव्हा ऑप्शन्स कमी होते."

त्या शनिवारी तालीम झाली नाही.

*

मग मंदार आणि मी म्युनिकच्या एका दुकानात गेलो. सेल्समन म्हणाला, "आवाज अगदी तोच. काही फरक नाही."

मंदारने विचारलं, "मग जुना एवढा महाग का?"

"तो अ‍ॅनलॉग आहे ना!"

"म्हणजे फरक आहे?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!"

परतीच्या ट्रेनमध्ये मंदार मला विचारत होता, "तो घे म्हणाला की नको म्हणाला?"

*

शेवटी, नाही आवडला तर परत करू, असं म्हणून मंदारने तो नवा सिंथ मागवला. त्यावर एक वेगळंच बटण होतं.

मंदारने समजावलं, "जुना सिंथ तापला की जरा बेसूर व्हायचा. हे फिरवलं की हाही तस्साच होतो."

केतकी बघतच राहिली. "बेसूर व्हायला बटण? आणि माझा सूर जरा हलला तर तू आठवडाभर ऐकवतोस!"

*

मंदारच्या खालच्या मजल्यावरच्या हेर, म्हणजे श्रीयुत, बाउमान यांच्याकडे अस्सल सिंथ निघाला. मंदार धावत गेला. आधी अर्धा तास तो गरम होऊ द्यायचा, तोवर कॉफी-केक. मग पट्टी दाबली, तर नुसती खरखर!

हेर बाउमान शांतपणे म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं की, सोमवारी तो वाजत नाही."

मंदारने शीटमध्ये नवा कॉलम घातला : ‘वार’.

*

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते पुण्याहून मंदारचे बाबा आले तेव्हा कळलं. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात हाच सिंथ वाजवायचे. मंदार पहिलीत असताना त्यांनी तो विकला आणि पुन्हा कशालाच हात लावला नाही. त्यांना तो आवाज परत ऐकवायचा, एवढंच मंदारच्या मनात होतं.

परत करायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. बाबांनी हेडफोन लावले. बोटांना सगळं आठवत होतं. आम्हाला फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू येत होती.

मंदारने घाबरत विचारलं, "बाबा, खरं सांगा. अगदी अस्सलसारखा वाटतो का?"

बाबांनी हेडफोन काढले, डोळे पुसले.

"ते मी कसं सांगू रे? अस्सल मला कधी मिळाला वाजवायला? आमच्याकडे होती ती नक्कलच!"