डाव्या हाताचे टाके

चार जुनी लुगडी एकावर एक अंथरली, की त्या थरांतून सुई पलीकडे जाताना एक बारीक, कोरडा आवाज होतो. मागोमाग दोरा ओढला जातो तेव्हा तोच आवाज लांबतो; झोपलेल्या माणसाने खोल श्वास घ्यावा तसा. चैत्रातल्या टळटळीत दुपारी कर्जतच्या आमच्या गल्लीत चिटपाखरू नसे, आणि सरूबाईंच्या सोप्यात मात्र हा श्वास तीन-चार सुयांमधून एकदम चाललेला असे. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी उंबऱ्यातच थबकले. आत कुणीतरी आजारी निजले आहे, असेच मला वाटले होते.

सत्तरीचे दशक नुकते उजाडले होते. माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते आणि यजमानांची बदली नगरहून इथल्या कचेरीत झाली होती. ते दहाला बाहेर पडले, की दिवस माझ्यापुढे उभा राही, निश्चल आणि अफाट. शेजारच्या सरूबाई शेतकरी घरातल्या. पावसाने पाठ फिरवलेली, वावरात करण्याजोगे काही उरलेले नव्हते. म्हणून दुपारच्या दोघी-तिघी शेजारणी गोळा करून त्या गोधड्या शिवत बसत. मला ती जाडजूड शिवण झेपेना. मी माहेरून आणलेली क्रोशाची सुई घेऊन त्यांच्यात जाऊन बसू लागले.

किती फजिती झाली माझी! चौकोनी रुमाल विणायला घ्यावा आणि दहाव्या ओळीला तो निमुळता होऊ लागावा. प्रत्येक ओळीच्या टोकाशी एखादा खांब, म्हणजे उभा टाका, कुठेतरी हरवे. मी उसवी, पुन्हा विणी, पुन्हा उसवी. एकदा तर रडूच कोसळले. नेमक्या त्याच दिवशी सरूबाईंच्या गोधडीचा खालचा पदर सरकून मधोमध गोळा झाला होता आणि त्या शांतपणे टाका न् टाका काढत बसल्या होत्या. "रडू नको गं," त्या म्हणाल्या. "आठ दिसांचं काम हाय माजं हे. उसवायला लाजली ती बाई शिवायची न्हाई कदी." केवढा आधार होता त्या बोलण्यात! आपली चूक दुसऱ्याच्या चुकीशेजारी नेऊन ठेवली, की तिची निम्मी धार जाते. आम्ही तिथे गोधड्यांइतक्याच एकमेकींच्या निराशाही सांधत होतो.

एके दिवशी सरूबाईंनीच विचारले, "दाराची कडी तू डाव्या हातानं लावतीस, म्या बगितलंय. मग सुई उजव्यात का?" मी सांगितले, की लहानपणी डावा हात पुढे आला की त्यावर पट्टी बसायची, पाटीवरही आणि ताटावरही. "हितं कोन मारतंय तुला?" त्या हसून म्हणाल्या.

मी सुई डाव्या हातात घेतली. काय सांगू! कोंडलेले पाणी वाट मिळताच धावावे तशी ती ओळीमागून ओळ धावू लागली. खांब सरळ, कडा सरळ. उजव्या हाताचे खांब एका अंगाला कलतात, माझे दुसऱ्या अंगाला कललेले होते. शिवाय प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा साखळी घालून ती मागे लपवायची सवय माझ्या बोटांनी आपणहूनच लावून घेतली. बायकांनी भरभरून कौतुक केले. त्या परक्या गावात ते पहिलेच कौतुक. मी सुखावून गेले.

कोपऱ्यात भिंतीला टेकून बानूचाची बसत. साठीकडे झुकलेल्या, गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या. गोधडीवरचा त्यांचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि बोलणे त्याहून थोडे. त्यांची सुई थांबली. त्यांनी माझा तुकडा मागून घेतला, उलटा केला, ओळीच्या टोकाशी बोट फिरवले आणि ती लपवलेली साखळी नखाने उचलून पाहिली. मग उठल्या आणि चपला तिथेच विसरून तापल्या धुळीतून अनवाणी निघून गेल्या.

"तिची शमीम डावखुरी हुती," सरूबाई म्हणाल्या. "लगीन ठरलेलं. सतरावं सरलं न्हवतं. चार दिवस थंडी वाजून ताप आला, आन् गेली."

दुसऱ्या दिवशी चाची गाठोडे घेऊन आल्या. पानसुपारीच्या तबकावर घालायचा तो रुमाल होता, शमीमने स्वतःच्या लग्नासाठी विणायला घेतलेला, निम्म्यावर थांबलेला. सोबत त्याच दोऱ्याचे उरलेले गुंडे. शमीम गेल्याला सहा वर्षे झाली होती; तेही रुमालाबरोबर पेटीत पडून त्याच्याइतकेच पिवळे पडलेले. मी शेवटची ओळ उलटून पाहिली. खांब माझ्यासारखे कललेले. टोकाशी एक साखळी, मागे लपवलेली. मला कुणी शिकवले होते ते? आणि तिला? "पुरं कर एवढं," चाची म्हणाल्या.

मी सुई घातली. जिथे तिचा हात थांबला होता तिथून माझा सुरू झाला, आणि चार ओळींनंतर तो सांधा मलाच सापडेना. चाची आता कोपरा सोडून माझ्या शेजारी बसू लागल्या. कधी शेवया, कधी गूळ-शेंगदाणे आणीत. भर उन्हात मला विचारीत, "गारठा लागतोय का तुला?" एका दुपारी मी गप्पांच्या नादात विणत होते. खाली पाहिले तर जाळीच्या मोकळ्या घरांतून एका पाखराचा आकार उमटलेला. शमीमच्या भागात पाखरू नव्हते. नुसती पाने होती. चाचींनी त्यावर हळूच तळवा ठेवला. "हे तिच्या मनात हुतं," त्या म्हणाल्या. "म्या कुनाला बोल्ले न्हवते." त्या काळी रेडिओवरच्या प्रत्येक रुमालावर पाखरेच असत, माझ्याही माहेरी होती, असे मी मनाला समजावले. मन ऐकल्यासारखे करी. बोटे मात्र थंड पडलेली असत.

मग त्यांनी एकदा माझा कान दुमडून मागे पाहिले. फार वेळ पाहिले. "हितं तीळ हुता," त्या म्हणाल्या. "पुसला गेला." मी तेव्हाच उठायला हवे होते. पण खरे सांगते, मला कुणीतरी इतके हवे होते, की दुसरीच्या नावाने मिळणारी मायाही मी नाकारू शकत नव्हते. त्यांनी शमीमची हिरवी ओढणी आणली, तीही मी डोक्यावर घेतली. त्या क्षणी त्यांनी माझे मनगट धरले. "आता जायाचं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि त्या हाडकुळ्या बोटांत कुठून आली कोण जाणे, एवढी ताकद होती. सरूबाईंनी एकेक बोट सोडवले.

त्या संध्याकाळी यजमान घरी आले आणि त्यांनी हाक मारली, "मालती!" मी चुलीपुढे बसून होते. ते नाव मला स्पष्ट ऐकू आले. पण ते शेजारच्या कुणाचे तरी असावे असे वाटले. दुसरी हाक आली, तिसरी आली. तिसऱ्या हाकेला मला उमगले, की ती मलाच आहे. आपले नाव आपल्यापासून इतक्या सहज सुटू शकते?

दुसऱ्या दिवशी चाची यायच्या आधी मी सरूबाईंना सगळे सांगितले. हातातले काम पुरे कर म्हणून प्रत्येकीला बळ देणाऱ्या त्या बाईने प्रथमच नकाराची मान हलवली. "पुरं करू नको. तू पुरं केलंस, तर तिला वाटंल, पोर परत आली. आन् उद्या तुमची बदली झाली, की पोर दुसऱ्यांदा मरंल तिची."

चाची आल्या. मी त्यांच्यापुढे बसले आणि म्हणाले, "चाची, माझं नाव मालती आहे."

"ठावं हाय."

"हा हातही माझाच आहे."

त्या माझ्या हाताकडे पाहत राहिल्या. "न्हाई," एवढेच म्हणाल्या.

माझ्या हातचे तेवढे काढून टाकायचे ठरवून मी रुमाल मांडीवर घेतला, शेवटची गाठ सोडली आणि दोरा ओढला. ओळ उसवू लागली. नागमोडी झालेला दोरा माझ्या मांडीवर साचू लागला. पाखराची चोच गेली, पंख गेला. आणि एकाएकी माझ्या ध्यानात आले, की कुठे थांबायचे हे मला माहीतच नाही! ओळी मी मोजल्या नव्हत्या. दोरा एक, कल एक, टोकाची साखळी एक. एक झटका जास्त बसला, तर त्या मुलीने जगात मागे ठेवलेले तेवढेच काम माझ्या हातून नाहीसे होणार होते. पण माझी बोटे थांबेनात. कुणीतरी पलीकडून दोरा ओढत असावे तशी ओळीमागून ओळ निसटत होती.

"बास!" चाचींनी रुमालावर हात दाबला. डोळे मिटलेले. त्यांचे बोट कडेवरून सरकत एका ठिकाणी थांबले. "हितवर तिचं."

मग सरूबाईंनी माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि चाचींच्या उजव्या हातात दिली. "म्हातारे, तूच पुरं कर आता. आमी हाय की." चाचींनी जन्मात क्रोशा विणला नव्हता. साखळी सैल पडे, खांब गळे, कड आत वळे. त्या वैतागत, सुई टाकून देत. आम्ही पुन्हा हातात देत असू. "तिरपं झालं," त्या म्हणत. "हुंद्या," सरूबाई म्हणत, "आईच्या हातचं हाय, बगनाऱ्याला कळंल." पाने नाहीत, पाखरू नाही, नुसत्या वेड्यावाकड्या ओळी. पण रुमाल पुरा झाला. त्या दिवशी चाचींनी घरी जाताना मला नावाने हाक मारली. "मालते, येते गं."

वर्षभराने आमची बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा तो रुमाल त्यांच्या पेटीवर अंथरलेला होता. त्यांनी मला जवळ बसवले, माझे बोट धरले आणि शमीमच्या पानांवरून वर नेत नेत स्वतःच्या वाकड्या ओळी जिथे सुरू होतात, त्याच्या जरा अलीकडे थांबवले. "ह्या दोन वळी तिच्या न्हाईत," त्या म्हणाल्या. "तुज्या हायत. त्या दिशी म्या मुद्दाम राखल्या."

मी वाकून पाहिले. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होते, तरी त्या दोन ओळींत आणि खालच्या ओळींत मला तिळाएवढाही फरक दिसला नाही. त्यांना तो मिटल्या डोळ्यांनी कसा कळला, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. कर्जतला पुन्हा जाणेही झाले नाही. आज इतक्या वर्षांनी एवढेच मनात येते, की एका न पाहिलेल्या मुलीच्या शेवटच्या ओळीला टेकून माझ्या दोन ओळी कुठेतरी आहेत, आणि त्या माझ्या आहेत हे जगात एकाच बाईला ठाऊक होते.