वरचं खाचर

भागू फौजेतून पेन्शनीत आला आणि आहुप्याजवळच्या आपल्या वाडीत राहिला, तेव्हापासून वाडीला काश्मीरचा बर्फ पाठ झाला. लग्न असो की दहावा, भागूचा बर्फ पडायचाच. रात्रभर बर्फ पडून वर वारं सुटलं, की तो एका अंगाला साचतो आणि माणसाच्या नुसत्या पावलानं अख्खा उतार खाली येतो. अशाच एका सकाळी साहेबाला आडवा जाऊन तो म्हणाला होता, आज इथून जायचं नाही. तुकडी थांबली आणि दुपारी उतार कोसळला. गोष्ट खरी होती. शंभरदा सांगितली म्हणून काही खोटी होत नाही.

पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान! वाडीत उन्हाळ्यात पडकई चालते. सगळ्यांनी आळीपाळीनं एकमेकांच्या उतारावर राबायचं, दगडी बांध रचून भाताचं खाचर करायचं. फौजीला दुसऱ्याचे धोंडे उचलायची लाज वाटू लागली. दुसऱ्याकडे गेलं नाही, तर आपल्याकडे कोण येणार? २००५ च्या उन्हाळ्यात त्यानं मशीन आणलं, उतार सपाट केला आणि सुटी माती तशीच कडेला लोटली. बांध नाहीच. खाली अंबाबाईचं घर. नात्यानं ती त्याची चुलती.

जुलैत पावसानं आणि वाऱ्यानं डोंगर झोडपून काढला. एका संध्याकाळी भागू खाचर बघायला गेला, तर कडेला हात जाईल एवढी भेग. ती कशाची, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. काकीला घराबाहेर काढावं, तर सगळी वाडी वर येणार आणि फौजीचं बिनबांधाचं खाचर बघणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यानं भेगेत चिखल कोंबला, वर गवत पसरलं आणि घरी येऊन जेवला. जेवण गोड लागलं, हेच पुढं त्याला सगळ्यात जास्त खात राहिलं.

सकाळी उतार खाली आला. काकी पाला आणायला गेली होती म्हणून वाचली. घर आणि आत बांधलेली शेरडं मातीखाली गेली. वाडी धावली. सगळ्यांत जास्त माती भागूनंच उपसली. "फौजी हाय म्हून बरं," असं कुणी म्हटलं, की तो मान आणखी खाली घालायचा.

काकी त्याच्यापाशी आली. "भागू, तुला डोंगार कळतो. आता घर कुठं बांधू? तू दावशील तिथं बांधते."

एवढं त्याला सोसलं नाही. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "काकी, भेग मला काल दिसली व्हती. मीच बुजवली. लाज वाटली मला."

शिव्या दे, असं तो मनातल्या मनात विनवत होता.

"आरं, हाक मारायची नुसती," काकी म्हणाली. "का म्हून मी इचारलंच नसतं. शेरडं सोडली असती न् आले असते."