जपून ठेवलेली नोटीस

डोळखांबच्या पुढे, डोंगराकडच्या एका पाड्यावर रंजना राहते. आठवीपर्यंत शिकलेली. पाड्यावर नळ आणायचा म्हणून ती यंदा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभी राहिली. तिचा अर्ज छाननीत बाद झाला. कारण घरपट्टी.

दिवाळीनंतर रंजना आणि तिचा नवरा जाणू भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. घरी सासू बुधी एकटी. ते गेल्यावर महिन्याभरात पंचायतीचा शिपाई घरपट्टीच्या थकबाकीची नोटीस देऊन, बुधीचा अंगठा घेऊन गेला. बुधीला वाचता येत नाही. या घराचा वनप्लॉटचा, म्हणजे कसत असलेली जंगलजमीन नावावर करून मिळण्याचा दावा कित्येक वर्षं पडून आहे. ‘कागद येईल, तो जपा,’ असं दावा टाकताना कुणीतरी तिला सांगितलं होतं. तेव्हापासून शिक्क्याचा प्रत्येक कागद ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवते.

तिने सुनेला फोनवर विचारलं, “सरकारी कागद आलाय गो. शेजारच्या बाळीच्या पोरीकडून वाचून घेऊ?”

“नको आई. प्लॉटचाच असंल. कुणाच्या हाती नको देऊ.”

वैशाखात परतल्यावर रंजनाने डबा उघडला. नोटीस वाचली आणि दुसऱ्याच दिवशी पंचायतीत जाऊन पैसे भरले. पावती मिळाली, तेव्हा विषय मिटला असं तिला वाटलं. अशी नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर उमेदवारी जाते, हे तिला छाननीच्या टेबलासमोर कळलं. हरकत समोरच्या उमेदवार रविना यांची होती.

“भरलेत की सायेब. ही पावती.”

“उशिरा भरलेत. नोटीस घेतल्याचा अंगठा तुमच्याच घरातला ना?”

अंगठा घरातलाच होता.

रक्कम भट्टीच्या मजुरीतून भागण्यासारखी होती. जमलं नसतं तर पंचायतीत जाऊन हप्ते तरी मागता आले असते. पण त्यासाठी नोटीस वेळेत वाचायला हवी होती.

घरी बुधी म्हणाली, “मला शिव्या दे गो.”

“तुला कशाला? वाचून नको घेऊ म्हनून मीच सांगितलेलं.”

रविना बिनविरोध निवडून आल्या. त्या मोठ्या गावात राहतात, पाड्याशी त्यांचं येणं-जाणं नाही. शेजारणी रंजनाला सांगतात, पुढच्या वेळी उभी राहा. यंदा ही जागा आदिवासी स्त्रीसाठी राखीव होती. आरक्षण फिरतं असतं, पुढच्या वेळी ती तशी असेलच असं नाही.