गोठ्याचं कवाड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून तर माझ्या खिशातली तंबाखूच्या खर्र्याची पुडीसुद्धा लपत नाही.

गोष्ट कुत्र्याची आहे. हसलात? हसा. कुत्रंच तर होतं, असं मीही स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय.

माझी मोठी बहीण, तिला आम्ही बाई म्हणतो, अड्याळजवळच्या आमच्या गावात माझ्या घराला लागूनच राहते. भाऊजी गेल्यापासून एकटी. म्हणजे शेरू होता. पिवळट, एक कान अर्धा तुटलेला, साधा गावठी कुत्रा. त्या हिवाळ्यात बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे नागपूरला गेली आणि शेरूला माझ्यावर सोपवून गेली. धान कापून झालं होतं, थंडी हाडात शिरत होती, त्यात तलावाच्या पाळीवर बिबट्याचे पंजे उमटलेले. तिनं मला दहादा बजावलं. बैल विकल्यापासून गोठा रिकामाच आहे, तिथं धानाचं कोरडं तणस जाड अंथर – तुरीचं कुटार नको, ते टोचतं – वर पोतं टाक, संध्याकाळी कोमट पेज दे, अंधाराच्या आत कवाड लाव. आठ दिवस मी सगळं नीट केलं. हे का सांगतोय? मोठेपणासाठीच ना?

नवव्या दिवशी शेजारच्या गावात मंडई होती, धान कापल्यावरची जत्रा, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक. आमच्याकडे नाटक असलं की माणूस घरी थांबत नाही. पांघरूण गुंडाळून पहाटेपर्यंत बसतो. सोबती गाडी चालू ठेवून हाका मारत होते. इकडे शेरू कुडकुडत होता. धुक्यानं तणस ओलसर झालं होतं, ते बदलायला हवं होतं. ढिगापर्यंत जाऊन यायचं – दहा मिनिटांचं काम. मी काय केलं? घरातली पेटती कोळशाची शेगडी उचलून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवली. फटींत पोती कोंबली. कवाड ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

बंद जागेत शेगडी ठेवू नये, हे मला माहीत होतं. कुणाला माहीत नसतं? कडी लावताना आतून नखं घासल्याचा आवाज आला. मी ऐकला. ऐकला, आणि गाडीवर बसलो.

सकाळी परतलो तेव्हा धुकं इतकं होतं की अगदी जवळ जाईपर्यंत गोठा दिसला नाही. कवाड ढकललं तर जड लागलं. शेरू त्याला टेकून पडला होता. अंग कोमट होतं – की ती शेगडीची ऊब होती? आणि कवाडाच्या आतल्या बाजूला, माझ्या गुडघ्याच्याही खाली, नखांच्या रेघा. पांढऱ्या, ताज्या. फळीत खड्डा पडेपर्यंत त्यानं एकच जागा खरडली होती.

मी त्याला तलावापलीकडे पुरलं आणि बाईला फोन केला. बिबट्यानं नेला, म्हणालो. तिनं एवढंच विचारलं, "भुकला का रे तो?"

"एकडाव भुकला, बाई."

ती यायच्या आदल्या दिवशी त्या रेघांवर रंधा मारायला गेलो. मग सुचलं – कशाला? कवाड तारेच्या कड्यांवर टांगलेलं होतं. काढलं, उलटं केलं, पुन्हा टांगलं. रेघा बाहेरच्या बाजूला आल्या. बिबट्याचा पुरावा तयार. तेव्हा मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं होतं. आज लाज वाटते. गाव येऊन बघून गेलं, मान हलवून गेलं.

बाई आली, काळा चष्मा लावून. कवाडासमोर खाली बसली आणि एकेक रेघ बोटांनी चाचपू लागली.

"किती खाली आहेत रे ह्या, भाऊ," ती म्हणाली. "बिबट बसून बोचकारते का?"

वाकला असेल, असं काहीतरी मी पुटपुटलो. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

पाच हिवाळे झाले. बाईनं दुसरं कुत्रं पाळलं नाही. पण थंडी पडली की ती गोठ्यात कोरडं तणस अंथरते, वर पोतं टाकते आणि कवाड उघडं ठेवते. कडी तिनं उपटून टाकलीय. सकाळी पोत्यावर गोल खळगा पडलेला असतो. गावातलं एखादं कुत्रं झोपून जात असेल, दुसरं काय? मी कधी हात लावला नव्हता.

या वर्षी लावला. पोतं कोमट होतं.

घाईनं बाहेर निघालो आणि कवाडाशी थबकलो. बाहेरच्या बाजूला रेघा नव्हत्या. कवाड पुन्हा सुलटं टांगलेलं होतं, आणि रेघा आत होत्या, शेरूनं काढल्या तिथंच. ते कवाड एकट्या बाईला उचलण्यासारखं नाही. मला भीती वाटली, अजूनही वाटते.

बाई अंगणात उभी होती. चहा ठेवलाय, ये, म्हणाली. मी गेलो, तिच्यासमोर बसून चहा प्यायलो.

शेगडी मी ठेवली होती. कडी मी लावली होती. नखांचा आवाज मी ऐकला होता.